पान एकशेबारावरचं हसू

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

बातमी आधी, खुशाली नंतर. तुझी भावजय दर मंगळवारी आणि शुक्रवारी ज्या खोलीत जाते, त्या खोलीच्या दारावर लाल दिवा आहे. दिवा लागला की दार आतून बंद होतं. मग बाहेरून कोणी हाक मारायची नाही, दार ठोठावायचं नाही, व्हरांड्यात चप्पल वाजवत चालायचंसुद्धा नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे. दारावर बसणाऱ्या बाईंनी मला स्वतः सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की आत दोघंच असतात.

मी तिथे कशाला गेलो, असं तू विचारशील. ती छत्री विसरली होती, ती द्यायला गेलो. आभाळ स्वच्छ होतं, हेही मीच सांगून टाकतो.

संस्था चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. ऑक्टोबरपासून ही तिथे वाचायला जाते. हिचं नाव त्यांना कुणी सुचवलं ते मात्र सांगत नाही. कुणीतरी सुचवलं, एवढंच.

आमचं टेबल तू पाहिलं आहेस. ती मूळ प्रत मोठ्याने वाचते, मी समोर प्रुफं धरून तपासतो. नुसतं वाचत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद, 'की' दीर्घ, सगळं म्हणते. एक सूर, एक गती. चौदा वर्षं. छापखान्यात आमचा दोघांचा मिळून एकच शिक्का आहे, 'तपासले'. कोणी तपासले, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आता मंगळवार-शुक्रवार तिच्या खुर्चीत एक निवृत्त हेडक्लार्क बसतात. ते पूर्णविराम असा म्हणतात की कुणाला तरी कामावरून काढल्यासारखं वाटतं.

परवा ती घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली की आज आम्ही तीन प्रकरणं संपवली. ताई, माझं आयुष्य व्याकरणात गेलं. 'आपण' म्हटलं की त्यात ऐकणारा येतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. या घरात कामाबद्दल आजवर 'आपण' चालत होतं. आज आपण सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म संपवले, आपण ती अनुक्रमणिका उद्या घेऊ. मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण. म्हणाली, मी आणि कानसेन. यंत्रावर बसणाऱ्या माणसाला तिथे सगळे कानसेन म्हणतात. खरं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

भावोजींची बोट कुठवर आली ते कळव. तुझा लोभ आहे हे धरूनच एवढं लिहिलं आहे, कमी झाला असेल तर तसं सांग.

तुझा,
चोखंदळ


१० फेब्रुवारी

चि. चोखंदळास,
अनेक आशीर्वाद, आणि थोडी अक्कल यावी म्हणून एक वेगळा.

पत्र दुकानातच उघडलं. समोर गिऱ्हाईक एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचत होतं. छत्रीपाशी आले आणि मला असं हसू फुटलं की त्या गृहस्थांना वाटलं, आपण अक्षर चुकलो. त्यांनी बिचाऱ्यांनी 'प' चा 'फ' करून पाहिला.

तुझे भावोजी वर्षातले आठ महिने बोटीवर इंजिन सांभाळतात. त्यांच्या 'आम्ही'मध्ये बावीस माणसं आहेत, त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. मी कुठवर छत्र्या पोचवत फिरू? आणि माझं सोपं आहे असं समजू नकोस. लग्नानंतर पहिली चार वर्षं मी त्यांच्या स्वयंपाक्याचा हेवा केला. त्याच्या हातची आमटी बरी असते, असं पत्रात आलं, तर मी आठ दिवस आमटी केली नाही. एकटीच होते, कुणाला कळलंही नाही.

आता कामाचं. मी एका डोळ्याची तपासणी करताना दुसरा झाकते. दोन्ही उघडे ठेवले तर बरा डोळा दुसऱ्याचं काम परस्पर करून टाकतो आणि कुणाला किती दिसतं ते कधी कळतच नाही. हे मी चष्म्याबद्दल लिहिते आहे. तुला दुसरं काही वाटलं तर तो तुझा प्रश्न.

तिचं नाव कुणी सुचवलं याच्या मागे लागू नकोस. ज्याने सुचवलं त्याचे कान शाबूत होते, एवढं समज.

बोट पुढच्या महिन्यात लागेल. लोभ कमी झालेला नाही, पण तू त्याची फार परीक्षा बघतोस.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं नाही, म्हणजे त्यात माझ्या बाजूचं काहीतरी असणार. त्याबद्दल आभार.

त्या खोलीचं तुम्हाला सांगते, कारण घरात सांगण्याची सोय राहिलेली नाही. भिंतींना जाड पडदे, पंखा बंद, पान उलटल्याचा आवाज येऊ नये म्हणून टेबलावर लोकरी कापड. कानसेन काचेच्या पलीकडे त्यांच्या खोलीत असतात. छापील पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. मी वाचते तसं ते ओळीवरून बोट फिरवत येतात. मी चुकले की बोट वर करतात. मला त्यांचं बोट आणि टक्कल एवढंच दिसतं.

पहिल्या दिवशी मी सवयीने सगळे स्वल्पविराम म्हणत गेले. अर्ध्या पानानंतर त्यांनी कानावरच्या यंत्रातून विचारलं की हे स्वल्पविराम कोण, कथेत फार वेळा येतात, नायिकेचे मामा का? मी इतकी हसले की पाणी प्यावं लागलं. मग चिन्हं न म्हणता वाचून पाहिलं. ताई, चौदा वर्षांत मी चारशेच्या वर पुस्तकं मोठ्याने वाचली. एकाचीही गोष्ट मला सांगता येणार नाही. इथे पहिल्यांदा, वाचता वाचता, पुढे काय होणार म्हणून मी पुढच्या पानावर डोकावले.

हे ह्यांना सांगावंसं फार वाटतं. पण मी बोलायला लागले की ते ऐकत नाहीत, तपासतात.

मी काही सोवळी आहे असं नाही. परवा छापखान्यात गेले, तर माझ्या खुर्चीवरची उशी काढून खिडकीत ठेवलेली. हेडक्लार्कांच्या पाठीला लागते म्हणे. आणि दोघं मिळून कुठल्याशा चुकलेल्या 'ष' वर गदागदा हसत होते. ह्यांना टेबलाशी हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. रागावण्यासारखं काही नव्हतं. मी उशी उचलून घरी आणली.

दोन गोष्टी. माझं नाव संस्थेला तुम्ही सुचवलंत हे मी घरात सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगायला हवं. दुसरी, संचालकबाईंनी मला तीन खंडांची एक कादंबरी देऊ केली आहे. एप्रिलपासून रोज जावं लागेल, वर्षभर. म्हणजे टेबल सुटलं. मला ती हवी आहे. हो म्हणायच्या आधी ह्यांच्याशी बोलायचं आहे आणि रोज संध्याकाळी मी दुसरंच काहीतरी बोलते.

तुमची माया आहे ती अशीच माझ्याही वाट्याला येत राहो.

आपली,
वाचकबाई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

मी तिचं वाचन ऐकलं. हेडक्लार्कांच्या पत्नीला दिसत नाही. त्या संस्थेच्या सभासद आहेत, त्यांच्याकडून तबकडी मिळाली. एका माणसाच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोची परवानगी घेऊन, आपल्या बायकोचा आवाज मागून आणायचा, हा प्रसंग मी वर्णन करत नाही.

पुस्तकाची छापील प्रत शोधून आणली. पेन्सिलीला टोक केलं. सकाळी नऊ ते दुपारी चार, मध्ये फक्त पाणी. त्रेसष्ट चुका निघाल्या. गाळलेले शब्द अकरा, ऱ्हस्व-दीर्घाचा उच्चार चुकलेला एकोणीस ठिकाणी, वगैरे. एका ठिकाणी तर ती चक्क 'स्वल्पविराम' म्हणाली आहे आणि त्या महाशयांनी ते तसंच ठेवलं आहे. कसले कानसेन?

पण चुकांचं मला काही वाटलं नाही. पान एकशेबारा, ओळ नऊ. तिथे ती हसली आहे. पुस्तकात हसू नाही. 'तो म्हणाला' एवढंच आहे. मी पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. छोटंसं, नाकातून आल्यासारखं, ओळीच्या शेवटी. ताई, हे हसू मला माहीत नाही. चौदा वर्षं तो आवाज माझ्या टेबलावर होता आणि असं एकदाही झालं नाही. मग ते कुणासाठी?

मी शुद्धिपत्र तयार केलं. आपल्या नेहमीच्या पद्धतीने, पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध, असे चार रकाने आखून. संचालकांच्या नावे पाठवलं आणि खाली 'एक हितचिंतक श्रोता' असं लिहिलं. संस्थेच्या भल्यासाठीच. अशा हलगर्जी माणसाबरोबर हिने काम करावं का, याचा त्यांनीच विचार करावा.

तुला हे आवडणार नाही. तरी लिहिलं, कारण लिहिण्यासारखं दुसरं कोणी मला नाही. रागावलीस तरी पत्र पाठवायची थांबू नकोस.

तुझा,
चोखंदळ


३ मार्च

चि. चोखंदळास,

या वेळी आशीर्वाद शेवटी, उरले तर.

ते पत्र परत घे. स्वतः जा आणि मी लिहिलं म्हणून सांग. नाव न घालता लिहिणाऱ्याला आपल्या घरात काय म्हणत ते तुला आठवत असेल. तू आठ वर्षांचा असताना माझ्या वहीत निनावी शेरे लिहायचास, तेव्हाही अक्षरावरून सापडायचास.

आता माझं. तिचं नाव संस्थेला मी सुचवलं. ऑगस्टमध्ये तुमच्याकडे चार दिवस राहिले होते, परत येताना वाटेत मी तिथे जाऊन आले. तिचा आवाज चांगला आहे म्हणून, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तुझं पत्र वाचल्यावर तेवढ्यावर भागेना.

त्या चार दिवसांत तुम्ही दोघांनी मिळून मला एकच प्रश्न विचारलात, चहा हवा का, आणि तोही दोघांनी एकदम. जेवताना तू मीठ म्हणायच्या आत तिने ते सरकवलेलं असायचं. ती वाक्य सुरू करायची, तू पुरं करायचास. मी गेले त्या दिवशी तुम्ही दोघं दारात उभे राहून सारखाच हात हलवत होता. तुमच्या घरात मला बसायला खुर्ची होती, बोलायला जागा नव्हती. माझं माणूस समुद्रावर. मला तुमचा हेवा वाटला. या दोघांत एक बोटभर फट पडावी, असं मनात आलं, आणि मी त्या संस्थेचं दार उघडून आत गेले. हे मी तिलाही लिहिलेलं नाही. तुला लिहिते, कारण हेवा म्हणजे काय ते तुला या घडीला समजावून सांगावं लागणार नाही.

पण मी जे केलं त्याने तिला काहीतरी मिळालं. तू जे केलंस त्याने तिचं काहीतरी जाईल. एवढा फरक बघ आणि ऊठ.

थोडे आशीर्वाद उरले आहेत. जपून वापर.

तुझी ताई


७ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

ह्यांच्या हातून काय झालं ते तुम्हाला माहीत आहे असं दिसतं, कारण परवा तुमचं पत्र आल्यापासून ते माझ्याकडे न बघता जेवतात. माझ्या बाजूने काय झालं ते ऐका.

संचालकबाईंनी मला बोलावून चार-पाच कागद पुढे ठेवले. सगळं टाइप केलेलं, वर ओळख पटायला काही नव्हतं. मी रकाने बघितले. मग चौथ्या पानावर आले. 'अशुद्ध' खाली लिहिलं होतं, हसू. 'शुद्ध' खाली कोरी जागा. ताई, साऱ्या जगात असं लिहिणारा माणूस एकच आहे आणि त्याच्या शर्टाची बटणं मी लावते.

पुढचं ऐकून तुम्हाला हसू येईल, मला आलं नाही. बाई म्हणाल्या की हा श्रोता असणंच शक्य नाही. आमचे श्रोते कानाने वाचतात, त्यांना पान एकशेबारा, ओळ नऊ कुठून कळणार. छापील प्रत समोर ठेवून बसणारे इथे दोघंच, तुम्ही आणि कानसेन. तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिणार नाही. म्हणजे हे कानसेनांचं काम. तुम्हाला मोठी कादंबरी मिळते आहे म्हणून पोटात दुखलं असेल. त्यांना माझ्या कामावरून काढायचं आणि वीस तारखेला समितीपुढे उभं करायचं, असं ठरतं आहे. सत्तावीस वर्षं काम केलेला माणूस. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की यादी माझी नाही, पण बहुतेक बरोबर आहे, आणि कान धरून बसले.

मी बाईंना सांगितलं की हे त्यांनी लिहिलेलं नाही. कशावरून, म्हणाल्या. मी यादी वाचायला घरी मागून घेतली. ज्याने लिहिलं त्याचं नाव मी घ्यायचं नाही, ते त्याने घ्यायचं, असं मला वाटलं. ह्यात ह्यांना वाचवणं किती आणि शिक्षा किती, ते मला ठरवता येत नाही.

घरी आल्यावर मी ती यादी घेऊन बसले. त्रेसष्टपैकी अठ्ठावन्न बरोबर आहेत. त्यांच्यापुढे 'मान्य' लिहिलं. उरलेल्या पाचांखाली टिंबांची ओळ काढली. ही खूण आमच्या धंद्यातली, 'तसंच राहू द्या' असा तिचा अर्थ. दोन ठिकाणी मी मुद्दाम थांबले होते, दोन ठिकाणी आवाज मुद्दाम खाली आणला होता, आणि एका ठिकाणी हसले होते. आज सकाळी यादी ह्यांच्या टेबलावर ठेवली. कानसेनांवर काय वेळ आली आहे तेही एका ओळीत लिहिलं. तेव्हापासून ह्यांच्याशी मी विरामचिन्हांसकट बोलते. जेवण वाढलं आहे पूर्णविराम. पाणी गेलं आहे स्वल्पविराम बादली भरून ठेवा पूर्णविराम. शेजारणीला वाटतं आम्ही खेळतो आहोत.

वीस तारखेपर्यंत ते गेले नाहीत तर मी काही दिवस तुमच्याकडे येईन. किती दिवस, ते विचारू नका. दाराशी आले तर लोभ ठेवून आत घ्या.

आपली,
वाचकबाई


१६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

काल जाऊन आलो. माझं नाव सांगितलं, यादी माझी म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. आता तू म्हणशील की सात तारखेला कळलं तर पंधरा तारखेपर्यंत काय करत होतास. खरं लिहितो. आठ दिवस मी गप्प बसलो, आणि त्यातले पहिले चार दिवस मला फार बरे गेले. तो माणूस जाणार, मी बोट उचलायचं नाही, आणि कुणाला मला काही म्हणता येणार नाही. ती घरात पूर्णविराम म्हणत फिरत होती आणि मला त्यातही गंमत वाटत होती. इतका हलका मी ऑक्टोबरपासून झालो नव्हतो.

मग हेडक्लार्कांनी सगळं बिघडवलं. तबकडी परत मागितली. त्यांच्या पत्नीला ती पुन्हा ऐकायची होती, विशेषतः ते मामा दाढी करता करता पत्र वाचतात आणि फेस पत्राला लागतो तेवढा भाग. वाचणाऱ्या बाई तिथे हसतात, तिथे आमची हीसुद्धा हसते, रोज, असं ते म्हणाले. मी विचारलं कुठला भाग. त्यांना पान माहीत नव्हतं. मी घरी येऊन काढलं. एकशेबारा.

त्रेसष्ट चुका काढल्या तेव्हा दाढी, फेस, पत्र, हे सगळं मी अक्षरन् अक्षर पाहिलं होतं. वाचलं नव्हतं. या वेळी छापील प्रत कपाटात ठेवली आणि नुसतं ऐकलं. ताई, ते खरोखर विनोदी आहे. मी एकटा खुर्चीत बसून हसलो. इतके दिवस मी धरून चाललो होतो की ती हसली तर माझ्यामुळे हसेल, आणि माझ्यामुळे नसेल तर दुसऱ्या कुणामुळे. पुस्तकात गंमत होती म्हणून ती हसली. एवढं सरळ कारण मला सुचलं नाही. चौदा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही की या पुस्तकात तुला काय आवडलं.

संस्थेत संचालकबाईंनी माझं नाव वहीत लिहून घेतलं. कानसेनांना बोलावलं. टक्कल, दम्याचा खोकला, स्वेटर उलटा घातलेला. मी माफी मागितली. ते म्हणाले की तुमची ओळख जुनी आहे. तीन शुक्रवारच्या मुद्रणात व्हरांड्यातल्या चपलांचा आवाज आला होता, येताना एकदा, जाताना एकदा, ते सगळं त्यांनी कापून काढलं. तिला सांगितलं नाही. मी तुला एकाच फेरीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा हेही दुरुस्त करून घे.

आता ज्यासाठी हे पत्र. बाई म्हणाल्या की अठ्ठावन्न चुका म्हणजे अठ्ठावन्न, आणि संस्थेत तपासणारं कुणी नाही. तीन खंडांच्या कादंबरीसाठी मी रोज काचेपलीकडे कानसेनांच्या शेजारी बसावं, प्रत समोर ठेवून. कादंबरीचं मला त्यांच्याकडूनच कळलं. ही माझ्याशी बोललेली नव्हती. मला राग यायला हवा होता, पण मी त्या खुर्चीकडेच बघत होतो. तिथून तिचं तोंड दिसतं. दिवा लागल्यावर मी बाहेर नाही, आत असेन. मला हे काम इतकं हवं आहे की मी उत्तर न देता निघून आलो. सोमवारपर्यंत मुदत आहे, पंचवीस तारखेच्या. तूच सांग, यात वाईट काय आहे? पगार नको, असंही मी म्हणून आलो.

तुझ्या रागाला मी पात्र आहे. लोभालाही थोडा उरलो असेन तर उत्तर लगेच पाठव.

तुझा,
चोखंदळ


१९ मार्च

चि. चोखंदळास,
आशीर्वाद, या वेळी पुरते.

गेलास ते बरं केलंस. चार दिवस उशिरा गेलास असं मी धरते, पहिले चार माझ्या नावावर टाक.

खुर्चीचं मला विचारू नकोस. समोर जी बसणार आहे तिला विचार. आणि विचारताना, तुला ते किती हवं आहे हे लपवू नकोस, नाहीतर ती ते तुझ्या आवाजावरून ओळखेल आणि तुझी आणखी एक चूक निघेल.

बोट लागली. तुझे भावोजी घरात आहेत आणि सारखे मला विचारताहेत की हे डबे इथे का ठेवलेस. मी उत्तर देत नाही.

तुझी ताई


शनिवार, २३ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

ह्यांनी विचारलं. काल संध्याकाळी मी भाजी निवडत होते, समोर येऊन बसले, अर्धी जुडी ओढून घेतली आणि सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, खुर्ची कुठे आहे, तिथून काय दिसतं, आणि ते काम स्वतःला किती हवं आहे. शेवटचं सांगताना आवाज जरा फाटला. कादंबरीचं मी का लपवलं, असंही विचारलं. मी म्हटलं, तुम्ही तपासाल म्हणून.

मी नाही म्हटलं. का, म्हणाले. तुम्ही काचेपलीकडे बसलात तर मी पुन्हा चिन्हं म्हणायला लागेन, असं मी सांगितलं. ते म्हणाले की पाठ करून बसेन. मी परत नाही म्हटलं. ते खूप वेळ भाजी निवडत राहिले. जुडी संपली, तर टाकलेले देठ पुन्हा घेऊन निवडायला लागले. मला वाईट वाटलं, पण मी हो म्हटलं नाही. ताई, मी त्यांची बायको आहे आणि मला त्या खोलीत ते नको आहेत, ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायला मला पाच महिने लागले.

मग उठून त्यांनी संचालकबाईंना नकाराचं पत्र लिहिलं आणि सवयीने माझ्यापुढे सरकवलं. मी नजर टाकणार नाही म्हटलं. ते न तपासता पाकिटात घातलं आणि स्वतः टाकून आले. आल्यावर विचारलं की कानसेन चहा साखरेचा घेतात का. घेतात, दोन चमचे, मी सांगितलं. तेव्हा राग गेला किंवा हेवा गेला असं काही समजू नका. माझाही गेलेला नाही. छापखान्यात माझ्या जागी आता रोज हेडक्लार्क बसतील, त्यांच्यासाठी ह्यांनी पाठीला नवी उशी घेतली म्हणे, निळी. माझी उशी इतकी वर्षं तपकिरी होती.

कानसेनांवरचं सगळं मिटलं. अठ्ठावन्न जागा मी पुन्हा वाचून दिल्या. पाच तशाच आहेत.

एक व्हायचं आहे, ते लिहून थांबते. रविवारी तासभर आपण दोघं बसू का, असं ह्यांनी आज सकाळी विचारलं. काम नको, नुसतं. मी म्हटलं, बसू, पण या वेळी तुम्ही वाचायचं आणि मी ऐकायचं. ते बावरले. आपल्याला मोठ्याने वाचायची सवय नाही म्हणाले. मी म्हटलं, मलाही नुसतं ऐकायची नाही. मग वाचनालयात जाऊन एक पुस्तक घेऊन आले, आपल्या हाताखालून न गेलेलं, केव्हाच छापून झालेलं, ज्याचं आता कुणाला काही करता येणार नाही असं.

दुपारपासून मागच्या खोलीचं दार लावून त्यांची तयारी चालली आहे. फार भरभर वाचताहेत आणि वाक्याच्या शेवटी श्वास उरत नाही. उद्या सकाळी दहा वाजता बसायचं आहे. पहिल्या पानावरच चुकतील. तिथे मी त्यांना थांबवणार की पुढे जाऊ देणार, हे त्यांना विचारायचं आहे, दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

भावोजींना नमस्कार, डबे जागच्या जागी राहू द्या. आमच्या दोघांवर लोभ आहेच. यापुढे तो एकेकावर वेगवेगळा असावा, ही विनंती.

आपली,
वाचकबाई